काजळीच्या पसंतीचे दात

धोंडुबाई पोवारांचे पुढचे दोन दात त्यांच्याच म्हशीनं तोडले. त्या धार काढायला बसत होत्या, म्हशीच्या डोळ्यावर माशी बसली, म्हशीनं मान झटकली आणि शिंगाचं बूड धोंडुबाईंच्या तोंडावर आलं. दोन्ही दातांचे बाहेरच्या अंगाचे कोपरे उडाले. माझ्या दवाखान्यात खुर्चीवर बसल्या बसल्या त्यांनी पहिल्यांदा हेच सांगितलं की यात काजळीचा काही दोष नाही.

“माशी बसलीती. तुमच्या डोळ्यावर बसली तर तुमी काय करशिला?”

“मान झटकीन.”

“मग?”

त्यांचा मुलगा धैर्यशील शेजारी उभा होता. शहरातल्या गंगावेशीत त्यांचा गोठा आहे. संध्याकाळी म्हशी कट्ट्यावर आणून गिऱ्हाइकाच्या समोर धार काढतात आणि फेसासकट पेला हातात देतात. धैर्यशीलला दातांची वेगळीच काळजी होती.

“डॉक्टर, पोरीचं लग्न हाय पुढच्या म्हयन्यात. व्हिडिओवाले लई जवळनं घेत्यात. दात बसवायचंच हाईत तर ती मधली फटबी बुजवून टाका की.”

धोंडुबाईंच्या तोंडात त्या वेळी कापसाचे तीन बोळे आणि माझा आरसा होता, त्यामुळे त्यांचं मत नोंदवलं गेलं नाही.

पूर्वी दाताचं माप घ्यायला तोंडात लगदा भरून पाच मिनिटं बसावं लागे. आता जाडसर पेनाएवढा कॅमेरा दातांवरून फिरवला की समोरच्या पडद्यावर तोंड उभं राहतं. धोंडुबाईंनी ते नीट न्याहाळलं.

“हे माझं त्वांड?”

“हो.”

“सारवल्यागत दिसतंय.”

पडद्यावर मधली फट मोजली. एक पूर्णांक सहा दशांश मिलिमीटर. डाव्या दाताच्या फटीकडच्या कडेला एक बारीक खाच दिसत होती. लाळेचा थेंब राहिला की असे डाग येतात, म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही.

नवा दात जुन्यावर टोपीसारखा बसतो, म्हणून जुना घासून लहान करावा लागतो; त्याआधी मी दातांचा हातानं एक साचा घेतला होता. त्या साच्यात रेझिन, म्हणजे घट्ट होणारं प्लास्टिक, भरून तिथल्या तिथे दोन तात्पुरते दात केले, मोडलेले कोपरे बोटानं भरले आणि बसवले. पक्के दात येईपर्यंत पाच दिवस काढण्यापुरते. अशा दातांवर कुणी मेहनत घेत नाही. मीही घेतली नाही.

पक्के दात करणारा चिराग मगदूम कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका लॅबमध्ये बसतो. माणूस हुपरीचा. घरात तीन पिढ्या चांदीचे पैंजण होतात. चिराग आधी कॉम्प्युटरवर पैंजणांची डिझाइनं करायचा, तिथून दातांकडे वळला. तो म्हणतो, दोन्हीकडे काम एकच आहे, डावं उजव्यासारखं दिसलं पाहिजे.

दोन दिवसांनी त्याचा फोन आला. “मॅडम, पडदा बघा. फट मिटवली. ती खाच होती ती भरली. आता डावा दात बघा, उजवा बघा. सांगा कुठला कुठला ते.”

मला सांगता येईना.

“मग करू का मशीनला चालू?”

मी हो म्हटलं. तो होकार मी विचार करून दिला होता, हे इथे कबूल केलेलं बरं.

दात आले ते खरोखरच देखणे होते. नवे दात मी आठवडाभर कच्च्या सिमेंटवर ठेवते, म्हणजे काही बिनसलं तर काढता येतात. तसेच बसवले. धैर्यशीलनं अकरा फोटो काढले. धोंडुबाईंनी आरसा हातात घेऊन बराच वेळ पाहिलं.

“ह्या बाईला मी वळखत न्हाय,” त्या म्हणाल्या. “पर चांगल्या घरची दिसतीया.”

मी हात धुऊन वळले तेव्हा ट्रेमध्ये तात्पुरते दात नव्हते. गेले असतील कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत, असं मी धरून चालले.

चौथ्या दिवशी, बुधवारी, मी दवाखाना उघडायला आले तर धोंडुबाई पायरीवर बसलेल्या.

“हे काढा,” त्या म्हणाल्या.

“दुखतंय का?”

“न्हाय.”

“सूज? गार लागतंय?”

“न्हाय वो.”

“मग काय झालं?”

“म्हस पान्हवंना.”

माझ्याकडे रुग्णांच्या तक्रारींची छापील यादी आहे. तिच्यात चौदा प्रकार आहेत. मी पेन खाली ठेवलं आणि त्यांना आत नेऊन बसवलं.

गोष्ट अशी होती. गेल्या वर्षी काजळीचं रेडकू गेलं. त्यानंतर ती दूध चोरायला लागली. पेंड घातली, पाठ चोळली, गरम पाण्यानं कास शेकली, तरी सोडेना. एका संध्याकाळी धोंडुबाई तिच्याजवळ नुसत्याच बसल्या होत्या आणि पुढच्या दातांच्या फटीतून जीभ लावून त्यांची लहानपणापासूनची बारीक शिट्टी वाजवत होत्या. काजळीनं कान टवकारले आणि पान्हा सोडला. तेव्हापासून ती फक्त त्या शिट्टीलाच दूध देते.

“आनि आता वाजतच न्हाय. बघा.”

त्यांनी जीभ लावून फुंकर मारली. नुसती हवा आली. थोडी थुंकी माझ्या चष्म्यावर आली.

“सांच्याला पाच लिटर द्याची. काल तांब्याभर निघालं. धैर्या म्हणतोय इंजेक्शन मारू. म्या म्हटलं, म्हशीला टोचलंस तर तुला टोचीन. मग म्हणतोय, सोमवारी वडगावच्या बाजारात न्हेतो. टेम्पोबी सांगून ठेवलाय मुडद्यानं. सडात दूध ऱ्हायलं की म्हस आटती, डाक्टर. आटलेली म्हस कोन ठेवून घेतंय?”

त्यांनी पदरानं नाक पुसलं. रडणं त्या नाकावरच भागवत असाव्यात.

“पहिले तात्पुरते दात होते तेव्हा देत होती का?”

“देत हुती की.”

“तेव्हा शिट्टी वाजायची?”

“वाजायची.” हे सांगताना त्यांनी का कोण जाणे कमरेची पानसुपारीची चंची चाचपली.

ते दात आता कचऱ्याच्या गाडीतून कुठल्या कुठे गेले असतील, हे मला त्यांना सांगवलं नाही. “सोमवारच्या आत करते काहीतरी,” एवढंच म्हणाले. आतले घासून लहान केलेले दात उघडे ठेवता येत नाहीत म्हणून तोवर नवेच राहू दिले.

चिरागला फोन लावला.

“मॅडम, फट परत उघडायची?” त्याच्या आवाजावरून वाटलं असतं की मी दात उपटायला सांगितला आहे. “अहो, सॉफ्टवेअर लाल दाखवतंय तिथं. हुपरीत पैंजणाची अशी कडी सुटलेली दिसली असती तर आमच्या वडलांनी टाळक्यात हाणली असती.”

“म्हैस दूध देत नाहीये, चिराग.”

तो म्हणाला, “हे लॅबच्या वॉरंटीत बसतं का मला विचारायला लागेल.”

मला काम पद्धतशीर करायचं होतं. धैर्यशीलच्या फोनमध्ये कट्ट्यावरचा जुना व्हिडिओ होता, त्यात शिट्टी ऐकू येत होती. तो आवाज मी मोबाइलवरच्या एका ॲपमध्ये घातला. आलेखावर तीन हजार शंभर हर्ट्झला उंच शिखर आलं. शेजारी एक बुटकं टेकाड होतं. ते रस्त्यावरच्या रिक्षाचं असावं असं समजून मी पुसून टाकलं. मग चिरागकडून रेझिनच्या पाच जोड्या कोरून घेतल्या. फट प्रत्येकीत वेगळी, एक पूर्णांक दोन दशांशपासून दोन मिलिमीटरपर्यंत. कडा सगळ्यांच्या स्वच्छ.

शनिवारी संध्याकाळी चिराग आणि मी गंगावेशीत पोचलो. पेले घेऊन सातआठ माणसं उभी होती.

“आज दूध न्हाय व्हय, मावशी?”

“हाय की. पर आदी दात बसाय पायजेत.”

“कुनाचं? म्हशीचं?”

“तुजं पाडू का आदी, मग मोजू?”

नवे दात काढले आणि पाच जोड्यांचा डबा उघडला. कोणती जोडी कोणत्या मापाची हे मला माहीत नव्हतं, धोंडुबाईंनाही नव्हतं. चिरागला माहीत होतं, म्हणून त्याला मी कट्ट्याच्या पलीकडे उभं राहायला सांगितलं. त्याच्या चेहऱ्यावर सगळं दिसतं.

“काजळीला कळेल म्हणून?” त्यानं विचारलं.

“धोंडुबाईंना कळेल. आणि त्यांच्यावरून काजळीला.”

“मॅडम, म्हैस आहे ती.”

“म्हणून तर तिला विचारायचं. तिला कुणाचं मन राखायचं नसतं.”

पहिली जोडी बसवली. किटलीसारखा आवाज आला. काजळीनं शेपूट हलवलं, तेही माशीसाठी. दुसरी जोडी वाजलीच नाही. तिसऱ्या जोडीला माझ्या मोबाइलवर बरोबर तीन हजार शंभर हर्ट्झ उमटले. मी स्वतःवर बेहद्द खूष होऊन काजळीकडे पाहिलं. तिनं एक कान उभा केला, मान वळवली, धोंडुबाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि पुन्हा रवंथ सुरू केला.

“जवळ आलंय,” पेलेवाल्यांपैकी एक जण म्हणाला.

“कशाचं जवळ? ती तुला बघून कान टवकारतीया,” दुसरा म्हणाला.

चौथ्या जोडीला काही झालं नाही. पाचव्या जोडीला काजळी मुतली.

“हे मार्क धरायचे का?” चिराग पलीकडून ओरडला.

धैर्यशीलनं रिकामी बादली पालथी घातली. “बास झालं डॉक्टर. तुमी लई केलंसा. सोमवारी धा वाजता टेम्पो येनार. आई, आता नाद सोड.”

धोंडुबाई उकिडव्या बसून काजळीच्या कासेकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “डाक्टर, वाईच तिकडं त्वांड करा.”

मी वळले. मागे चंचीची नाडी सुटल्याचा आवाज आला. पाठोपाठ एक शिट्टी आली. ती स्वच्छ नव्हती. तिच्यात दोन सूर होते, एक बारीक आणि त्याच्या खांद्यावर हात टाकून चाललेला दुसरा, जरासा फाटका.

काजळीनं रवंथ थांबवला. मागचे पाय किंचित फाकले. कास भरून आली, सडांच्या टोकांना थेंब आले, आणि धोंडुबाईंनी हात लावायच्या आत पहिला थेंब खाली पडला. धैर्यशीलनं झटकन बादली सुलटी केली. धार पत्र्यावर वाजली, मग फेसात मुरायला लागली. मग सातआठ जणांनी एकदम पेले पुढे केले.

धार संपल्यावर धोंडुबाईंनी तोंडातून काढून माझ्या तळहातावर ठेवले ते माझेच तात्पुरते दात होते. त्यांना चुना आणि सुपारीचा भुगा लागला होता.

“तुमी हात धूत हुता तवा घेतलं ट्रेतनं,” त्या म्हणाल्या. “माज्या तोंडातलं हुतं, म्हून घेतलं.”

“मग मावशी, आधी का नाही सांगितलं?”

“तुमी इचारलं का? आनि मशिनीवर येवडं केलंसा, तुमाला वंगाळ वाटंल म्हटलं. हे काय, हातानं चोळून केल्यालं.”

मी भिंग लावून दात पाहिले. डाव्या दाताच्या फटीकडच्या कडेला तीच खाच होती, पडद्यावर दिसलेली. साच्यात उतरली, साच्यातून या दातांत आली. साचा भरताना मी तिला रेझिनचा बुडबुडा समजले होते.

“हा बुडबुडा...”

“बुडबुडा कसला? दाव्याची गाठ हाय ती.” धोंडुबाईंना माझं अज्ञान सोसवेना. “हातात बादली अस्ती. दावं सोडायचं कशानं? ह्या दातानं. चाळीस वर्षं झाली. हे बघा.”

त्यांनी दात माझ्या हातातून उचलून तोंडात बसवले, खुंट्याशी वाकल्या, ओल्या दाव्याची गाठ पकडली आणि ओढली.

कट्‌कन आवाज झाला.

त्यांनी डाव्या दाताचे दोन तुकडे आणि उजवा दात पुन्हा माझ्या तळहातावर ठेवले. या वेळी त्यांनी नाकाला पदर लावला नाही. डोळ्यांनाच लावला.

“एका धारेनं काय हुतंय,” धैर्यशील हळू आवाजात म्हणाला. “उद्याच्याला काय करनार हाईस?”

चिराग पलीकडून चालत आला, त्यानं दोन्ही तुकडे उजेडात धरले, एकमेकांना लावून पाहिले. हुपरीचा माणूस तुटलेलं नीट बघतो. “काही उडालेलं नाही, मॅडम. जुळतंय. खाचसुद्धा शाबूत आहे.” मग त्यानं ती खाच पाहिली आणि त्याचं तोंड वाकडं झालं. “ही मी भरून टाकलेली. दोनदा.”

“मीही हो म्हटलं होतं. दोनदा.”

धोंडुबाईंना तेवढ्यापुरते देखणे नवे दात परत बसवले आणि घरी जाऊन मी पहिला आलेख पुन्हा काढला. मी रिक्षाचं समजून पुसलेलं बुटकं टेकाड प्रत्येक शिट्टीच्या वेळी होतं. रिक्षा इतकी नेमानं जात नाही.

रविवारी लॅब बंद असते. चिरागनं उघडायला लावली. तुकडे जुळवून स्कॅन केले, पण सॉफ्टवेअर ऐकेना. फट ठेवली की लाल, दात असमान केले की लाल. आणि खाच ठेवली की ते दर वेळी आपणहून बुजवायचं आणि हिरवं होऊन शाबासकीची वाट बघायचं. शेवटी त्यानं सगळ्या आपोआप दुरुस्त्या बंद केल्या.

“मॅडम, एक विनंती आहे,” तो म्हणाला. “ह्या दातांच्या डबीवर लॅबचं नाव नको.”

“का?”

“कुणी बघितलं तर?”

झिरकोनियाचा, म्हणजे चिनीमातीसारख्या कडक पदार्थाचा, पक्का दात आधी सव्वापट मोठा कोरतात, मग भट्टीत तो आकसून मापावर येतो. म्हणजे चिरागला ती खाच सव्वापट मोठी बघावी लागली. त्यानं ट्रे भट्टीत सारला आणि पाठ फिरवून चहा प्यायला गेला.

सोमवारी सकाळी साडेपाचला मी दवाखाना उघडला. दात कच्च्या सिमेंटवर बसवले. पक्कं सिमेंट काजळीचा होकार आल्यावर लावायचं ठरलं होतं. धोंडुबाईंनी आरसा मागितला नाही. पायरी उतरता उतरता त्यांनी जीभ लावली, पण फुंकर मारली नाही.

“घाबरताय का, मावशी?”

“उगच वाया कशाला घालवू? तितंच वाजवती.”

गोठ्यात धैर्यशील शर्ट इन करून तयार होता. बाजाराला जायचं म्हणून काजळीच्या शिंगांना तेल लावलेलं. चिराग दाराशी उभा राहिला. या वेळी त्याला कुणी बाहेर थांबायला सांगितलं नव्हतं.

धोंडुबाई बसल्या. काजळीच्या पोटावर हात ठेवला आणि शिट्टी वाजवली. दोन सूर आले. काजळीनं मान वळवली. बघत राहिली. माझ्या आयुष्यातली पदवीची तोंडी परीक्षा इतकी लांबली नव्हती. धोंडुबाईंनी पुन्हा वाजवली, जरा हळू, तिच्याशीच बोलल्यासारखी. काजळीनं नाकातून एक मोठा सुस्कारा सोडला आणि पाठोपाठ पान्हा सोडला.

बादली अर्धी झाल्यावर धैर्यशीलनं खिशातून फोन काढला.

“हां, टेम्पो नगं आनू. रद्द. ... न्हाय न्हाय, म्हशीला काय झालं न्हाय. दात बरं झालं. ... म्हशीचं न्हवं रं, आईचं. ... तुला न्हाय कळायचं, ठेव.”

मग तो आईच्या तोंडाकडे बघत राहिला. मधली फट, झिजलेली कड. “लग्नात दिसनार गं हे,” तो पुटपुटला.

“दिसू दे की,” धोंडुबाई म्हणाल्या. “लोकं वळखतील तरी.”

चिराग पुढे आला. त्याला त्यांनी पहिला पेला दिला. त्यानं एका दमात संपवला आणि मिशीवरचा फेस न पुसताच खाली वाकून त्यांचे दात जवळून पाहिले.

“तसं,” तो म्हणाला, “डबीवर लॅबचं नाव टाकलं तर चालेल.”

मी पक्कं सिमेंट संध्याकाळी लावायचं ठरवलं आणि निघता निघता एक सूचना द्यायची राहिली होती ती दिली. “मावशी, आता एक पाळायचं. दातानं दाव्याची गाठ सोडायची नाही. कधीच नाही.”

“व्हय व्हय,” धोंडुबाई म्हणाल्या. “तुमी म्हणशिला तसं.”

त्यांच्या एका हातात भरलेली बादली होती, दुसऱ्या हातात पेले. काजळीला पाण्यावर न्यायचं होतं. त्या खुंट्याशी वाकल्या, गाठ दातांत धरली आणि ओढली.

मी डोळे मिटून घेतले. कट्‌कन आवाज आला नाही. मी डोळे उघडले तेव्हा दावं सुटलेलं होतं आणि चिराग त्याचं टोक हातात घेऊन पिंजलेले धागे बघत होता.

“दाताला काही होत नाही, मॅडम,” तो म्हणाला. “दावं मात्र नवं आणून ठेवा म्हणावं.”